त्याच्या आजीला हाक कशी मारू?

*ताई,*

*मी मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी हाँगकाँगला असते. इथल्याच एका मुलाशी माझं जुळलंय. लग्नाचं अजून आमच्या दोघांच्याच बोलण्यात आहे. मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्याच्या घरी गेले. पुण्यात असताना मँडरिनचा, म्हणजे प्रमाण चिनीचा, वर्ग केला होता, त्या जोरावर त्याच्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, मी 'नाय-नाय' म्हणून हाक मारली. सगळे एकदम गप्प झाले, मग हसले, आणि त्याची आई तर कावरीबावरीच झाली. थोड्या वेळाने त्याची आत्या आली, तिला त्याने माझी ओळख 'फंग-यउ' अशी करून दिली. घरी येऊन अर्थ शोधला तर नुसतं 'मित्र'! ते मला अजून टोचतंय. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं त्याच्या भाषेत तो मला एकदाही म्हणालेला नाही. म्हणतो काय, तर 'सो-च्यू', म्हणे वेडं डुक्कर. आता डिसेंबरात त्यांच्याकडे सणाचं जेवण आहे आणि मला बोलावलंय. कुणाला काय म्हणू, आणि ही माणसं बोलतात त्यातून काय समजू?*

*— गोंधळलेली सातारकरीण*

अगं, आधी त्या 'नाय-नाय'चं बघू, कारण तुझ्या मनातला निम्मा गोंधळ तिथेच आहे.

तुला वर्गात शिकवलं ते बरोबरच होतं. मँडरिनमध्ये नाय-नाय म्हणजे वडिलांची आई. पण २०२१ च्या जनगणनेत हाँगकाँगच्या सुमारे ८८ टक्के लोकांनी आपली नेहमीची भाषा कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनकडची चिनी, सांगितली आहे, आणि कँटोनीजमध्ये नाय-नाय म्हणजे नवऱ्याची आई. म्हणजे लग्नाआधीच, पहिल्याच भेटीत, तू त्याच्या आजीला 'सासूबाई' म्हणालीस. त्यातून ती म्हातारी खरोखर कुणाची सासू आहे? त्याच्या आईची. जी हाक त्या घरात त्याच्या आईची, ती तू तिच्यादेखत मारलीस. ती कावरीबावरी झाली ती एवढ्यामुळेच, तिला तुझा राग आला असेल असं मला अजिबात वाटत नाही.

असे आणखी दोन खड्डे आहेत, ते आत्ताच दाखवते. मँडरिनच्या पुस्तकात नवऱ्याचे वडील 'कुंग-कुंग' आणि नवऱ्याची आई 'फो-फो' असतात. हाँगकाँगच्या घरात हे दोन्ही शब्द आईच्या आईवडिलांचे, आणि रस्त्यातल्या कुठल्याही वृद्ध आजोबा-आजींनाही चालतात. नवऱ्याच्या वडिलांना कँटोनीजमध्ये 'लोउ-ये' म्हणतात. याच्यासारखाच ऐकू येणारा शब्द उत्तर चीनकडे आईच्या वडिलांना वापरतात. तेव्हा नात्यांच्या बाबतीत तुझं मँडरिन काही दिवस पूर्ण बाजूला ठेव. इतर ठिकाणी त्याचा उपयोग होईल, इथे ते फसवतंय.

त्याच्या वडिलांचे वडील 'ये-ये'. वडिलांची आई 'मामा'. हो, मामा. मराठी जिभेला आजीला मामा म्हणणं चमत्कारिक वाटणार, पण खरी अडचण वेगळीच आहे. आईलाही ते 'मामा'च म्हणतात आणि फरक केवळ सुराचा. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत. ते सगळे जेवणाच्या दिवसापर्यंत घोटून होणार नाहीत, पण नात्याच्या दुहेरी हाकांपुरता एक ठोकताळा आहे: बहुतेक हाकांत पहिलं अक्षर खाली पडतं आणि दुसरं वर जातं. पा-पा (वडील), मा-मा (आई), को-को (थोरला भाऊ), ये-ये, फो-फो, अगदी नाय-नायसुद्धा. वडिलांच्या आईची 'मामा' मात्र दोन्ही अक्षरांत खालीच राहते. दुसरं अक्षर वर नेलंस की 'आजी'च्या जागी 'आई' झाली. शब्दकोशात पाहताना 'युटफिंग' पद्धतीचं रोमन लेखन असलेला कोश घे. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने ती पद्धत १९९३ मध्ये आणली आणि तिच्यात प्रत्येक अक्षरापुढे सुराचा आकडा असतो. आजीच्या दोन्ही अक्षरांपुढे ४ दिसेल, आईच्या दुसऱ्या अक्षरापुढे १.

उच्चारात मात्र तू मराठी असल्याचा मोठा फायदा आहे. रोमन लिपीत 'ग', 'ब', 'द' असं दिसतं तिथे कँटोनीजमध्ये खरे आवाज क, प, त असे असतात, आणि रोमन 'क', 'प', 'ट' दिसतात तिथे ख, फ, थ. इंग्रजीवर वाढलेल्यांना हा भेद सहजी करता येत नाही. आपण 'काल' आणि 'खाल' यांतला फरक दुसरीतच शिकलेलो असतो. म्हणून मी इथे सगळे शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत, रोमन स्पेलिंगवर जाऊ नकोस. 'चुंग', 'च्यू' यांतला च हा 'चाक'मधला, 'चार'मधला नव्हे. 'फो-फो' आणि 'फंग-यउ' यांत फणसाचा फ आहे, आणि पुढे 'फान' येईल त्यात फोनमधला.

काका-मामा-आत्या-मावशी या वेगळ्या हाका आपल्याकडे आहेतच, त्यामुळे 'आँटी' या एकाच शब्दावर वाढलेल्यांपेक्षा तुला हे लवकर जमेल. त्यांच्याकडे भर एवढीच की आईवडिलांपेक्षा वयाने मोठं की लहान, हेही हाकेत यावं लागतं. वडिलांची थोरली बहीण कू-मा, धाकटी कू-चे. आईची थोरली बहीण यी-मा, धाकटी आ-यी (हे 'आई'च्या इतकं जवळ ऐकू येतं की तुला लक्षात ठेवावं लागणार नाही). वडिलांचा धाकटा भाऊ सुक-सुक, थोरला ताय-पाक. आईचा भाऊ खउ-फू, तो थोरला असो की धाकटा. चुलत भावंडांचा शब्द 'थोंग'ने सुरू होतो, कारण ती एका आडनावाची. मामे, मावस आणि आते अशा तिन्ही भावंडांना 'पिउ' लागतं. सख्खी थोरली बहीण का-चे, थोरला भाऊ ताय-लोउ. या ताय-लोउचा दुसरा अर्थ टोळीचा दादा असाही आहे, तेव्हा तो त्याच्या तोंडी राहू दे, तू त्याच्या भावाला नावाने हाक मार. तिथे तुमच्या वयाच्या बहुतेकांना एखादं इंग्रजी नाव असतंच आणि बरोबरीच्यांत ते सर्रास चालतं.

आता त्याच्या आईवडिलांना काय म्हणायचं? आज तरी 'अंकल' आणि 'आँटी'. इंग्रजी आहे म्हणून परकं समजू नकोस, हाँगकाँगमध्ये प्रियकराच्या किंवा प्रेयसीच्या आईवडिलांना अशीच हाक मारतात. जरा जुन्या वळणाचं घर असेल तर आईला 'पाक-मोउ'. नाय-नाय आणि लोउ-ये हे शब्द तिथे मुलगी लग्नाच्या दिवशी चहा देताना उघडपणे उच्चारते. नवरानवरी मोठ्यांपुढे बहुतेक वेळा गुडघे टेकून बसतात, दोन्ही हातांनी पेला पुढे करतात आणि प्रत्येकाला नात्याने हाक मारून चहा घ्यायला सांगतात. मोठी माणसं घोट घेतात आणि लाल पाकीट किंवा सोनं देतात. कुणाला काय म्हणायचं हे नवरीच्या कानात सांगायला 'ताय-खम-चे' नावाची अनुभवी बाई भाड्याने मिळते, यावरून तिथल्या मुलींनाही हे सगळं तोंडपाठ नसतं हे तुझ्या ध्यानात येईल. सून म्हणजे 'सम-फोउ'. त्या चहाला सुनेचा चहाच म्हणतात. नंतर रोजच्या व्यवहारात पुष्कळ सुना नवऱ्यासारखंच पा-पा, मा-मा म्हणतात, जशा आपल्याकडे सासूला आई म्हणतात. मूल झालं की मुलाच्या तोंडची हाकही सुरू होते. आपल्या घरांतून हे वेगळ्याने सांगावं लागत नाही.

हे सगळं पाठ करायला मी सांगते आहे त्याला कारण आहे. त्यांच्याकडे 'किउ-यन' नावाची एक रीत आहे, शब्दशः 'माणसांना हाक मारणं'. घरात शिरल्यावर लहानाने हजर असलेल्या प्रत्येक मोठ्याला नात्याने हाक मारायची. पुढे 'कसे आहात' वगैरे काही जोडायची गरज नाही, हाक म्हणजेच नमस्कार. मूल लाजून आईमागे लपलं की आई त्याला पुढे ढकलत म्हणते, 'किउ-यन ला!' हाक न मारता जो आत जातो तो वाईट वळणाचा. आपल्याकडे पाया पडताना कुणी मधलंच माणूस वगळलं तर जसं खटकतं, तसंच ते. तुझी नाय-नाय चुकली तरी तू आजीला हाक मारलीस हे त्या घराने नक्की पाहिलं. 'हाय' म्हणून सोफ्यावर बसली असतीस तर कुणी हसलं नसतं, पण आठवलंही नसतंस.

आता 'फंग-यउ'. शब्द मित्र-मैत्रिणीचा, हे खरं. प्रेयसी म्हणायचं तर त्याआधी 'नोय' लागतं: नोय-फंग-यउ. मुलगा असेल तर नाम-फंग-यउ. ते एक अक्षर त्याने आत्यापुढे गाळलं. का गाळलं असेल? त्या बाई पुढच्या दहा मिनिटांत 'लग्न कधी' विचारतील या धास्तीनेही असेल. तुझ्याबद्दल आईवडिलांशी बोलणं व्हायच्या आधी ते आत्याच्या तोंडून सगळ्या कुळात पसरू नये म्हणूनही असेल. किंवा तो खरोखर कच खातोय. शब्दकोशात पाहून हे कळणार नाही, त्यालाच विचारावं लागेल. 'तू मला फंग-यउ म्हणालास, मला वाईट वाटलं, आता आजीला काय सांगणार आहेस?' एवढं, शांतपणे, जेवणाच्या आधी. तो 'नोय-फंग-यउ' म्हणाला तर प्रश्न मिटला. 'थोडं थांब' म्हणाला तर कशासाठी आणि कधीपर्यंत, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. भाषा परकी आहे म्हणून या प्रश्नात नमतं घेऊ नकोस. ज्या घरात हाकेला इतकी किंमत आहे, तिथे तुझी ओळख काय म्हणून होते याला किंमत असणारच.

प्रेमाबद्दल मात्र मी त्याच्या बाजूने थोडं बोलणार आहे. कँटोनीजमध्ये 'ओय' हा प्रेमाचा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात तो जड पडतो. गाण्यांत, लग्नाच्या भाषणात, अगदी मोठ्या प्रसंगी तो येतो. आपण तरी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य स्वयंपाकघरात किती वेळा ऐकतो? त्यांच्या रोजच्या तोंडी दुसरे शब्द आहेत. 'चुंग-यी' म्हणजे आवडणं, मनात भरणं. मुलगा मुलीला पहिल्यांदा मनातलं सांगतो तेव्हा बहुतेक हाच शब्द येतो, आणि तिथे तो पुरेसा गंभीर मानतात. 'क्वा-च्यू' म्हणजे आठवण येणं. मग माझा सगळ्यात आवडता शब्द, 'सेक'. याचा एक अर्थ मुका घेणं, दुसरा जीव लावणं, लाड करणं, जपणं. आजी नातवंडांना 'सेक' करते, बाप लेकीला करतो, आणि नवरा बायकोला फार सेक करतो असं शेजारणी म्हणाल्या तर ते मोठं कौतुक. तो हा शब्द तुझ्यासाठी वापरतो का ते लक्ष देऊन ऐक. वापरत असेल तर तुला हवं असलेलं वाक्य तू पुष्कळदा ऐकलेलं आहेस.

'सो-च्यू' म्हणजे खरोखरच वेडं डुक्कर, आणि ती लाडाचीच हाक आहे. डुक्कर तिथे गुबगुबीत, सुखी प्राणी. लहान मुलांना आणि प्रेयसीला 'च्यू-च्यू' म्हणणारे घरोघरी सापडतील. तीच गत 'सोय-क्वै'ची. शब्दशः वाईट भूत, पण मुलगी हसत प्रियकराला म्हणते तेव्हा आपल्या 'चल, चावट कुठला' इतकाच त्याचा अर्थ. लाडात शिवी मिसळायची सवय आपल्या भाषेलाही आहे, 'माझी वेडाबाई' म्हणताना आपण कुणाला वेडी ठरवत नाही. तरी तुला डुक्कर ऐकायला आवडत नसेल तर तसं सांग आणि दुसरं नाव माग. लाडाची हाक ऐकणाऱ्यालाही गोड लागायला हवी.

पुढेमागे तो तुला 'लोउ-फो' म्हणेल. याचा अर्थ बायको, आणि नवरा म्हणजे 'लोउ-कुंग'. पण हाँगकाँगची जोडपी लग्नाच्या कितीतरी आधी एकमेकांना असं म्हणतात, तेव्हा त्या शब्दावर लग्नाची तारीख धरून बसू नकोस. प्रेमात असण्याला 'फाक-थो' म्हणतात. नदीत दोन होड्या एकमेकींना बांधून शेजारी शेजारी ओढत नेतात, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. हा तू बेधडक वापर, आजीपुढेही. ऑफिसातल्या मुलांकडून 'थिउ-नोय', 'थिउ-चाय' ऐकशील, अर्थ 'माल'च्या जवळ जाणारा. त्यांतलं 'थिउ' हे लांबट वस्तू मोजायचं अक्षर आहे. ते त्या घरात तोंडातून काढू नकोस, आणि तो मित्रांत तुझ्याबद्दल तसं बोलत असेल तर ते थांबव.

एक कटू गोष्टही सांगून ठेवते. हाँगकाँगमध्ये भारतीय उपखंडातल्या माणसांना 'आ-छा' म्हणायची जुनी खोड आहे. काहींना ते नुसतं वर्णन वाटतं, पण शब्द हिणवणारा आहे. एखादा दूरचा काका जेवताना तो सहज बोलून जाईल. तू त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. तुझ्या मित्राने त्याच ताटावर, त्याच्या भाषेत, तुझं नाव घेऊन त्याला दुरुस्त करायला हवं. हे त्याला आधीच सांगून ठेव. त्या क्षणी तो काय करतो, यावरून तुला त्याच्याबद्दल बरंच कळेल.

आणि आता ते जेवण. डिसेंबरातलं म्हणजे 'तुंग-ची'चं असणार, २१ किंवा २२ तारखेचं, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचं. त्यांच्यात म्हणच आहे की तुंग-ची नववर्षापेक्षा मोठी. पुष्कळ कचेऱ्या त्या दिवशी माणसांना लवकर सोडतात आणि सगळं कुटुंब एका टेबलाभोवती बसतं. हे घरच्यांचं जेवण आहे, त्याला येता-जाता ओळखीच्याला सहसा बोलावत नाहीत. आत्यापुढे त्याने काय म्हटलं ते एका पारड्यात टाकशील, तर हे आमंत्रण दुसऱ्या पारड्यात टाक, आणि ते कुणी दिलं तेही विचार. त्याच्या आईने दिलं असेल तर मला फार आनंद होईल.

आई दारातच विचारेल, 'सिक-चो-फान-मेइ?' जेवलीस का? जेवायलाच आली आहेस, तरी विचारेल. तिच्या तोंडी काळजीचं वाक्य हेच आहे. तिने तासन्‌तास मंद आचेवर ठेवलेलं सूप पुढे केलं तर ते पी, आवडलं नाही तरी थोडं पी. तू शाकाहारी असशील तर त्याने हे आईला आठवडाभर आधी सांगितलेलं असू दे, कारण त्या सूपमध्ये जवळजवळ नेहमी मांस असतं आणि ऐन वेळी नाही म्हणणं दोघींना जड जाईल. आजी स्वतःच्या चॉपस्टिकने तुझ्या वाटीत मासा ठेवेल. तिच्याकडून तुला मिळालेलं हे 'सेक' समज. कुणी काही वाढलं, चहा ओतला तर 'म्-कोय' म्हण. कुणी भेट दिली तर 'तो-चे'. हे दोन आभार वेगळे आहेत, आणि परदेशी माणसाने ते बरोबर वापरले की त्यांना फार बरं वाटतं.

जाताना फळं ने, छान बांधलेली, जोडीच्या संख्येत, पण चार नकोत, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. घड्याळ चुकूनही नको. आत गेल्यावर सगळ्यात आधी आजी, मग वयाच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. जेवायला बसलात की चॉपस्टिक उचलण्यापूर्वी प्रत्येक मोठ्याला हाक मारून जेवायला सांगायचं: 'मामा, सिक-फान. अंकल, सिक-फान. आँटी, सिक-फान.' कोण कोण येणार आहे त्यांची यादी त्याच्याकडून आदल्या दिवशी घे, प्रत्येकापुढे हाक लिहून घे, त्याच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड कर, आणि बसमध्ये ऐकत जा.